क्रेस्टेड गेकोसाठी बायोअ‍ॅक्टिव्ह टाकी दोन दिवसांत तयार होते का? आणि ती खरंच कधी साफ करावी लागत नाही?

तुम्ही लिहिलंय की लेस्टरला राहता, मुलीला क्रेस्टेड गेको (पाळतात ती एक पाल) हवाय, आणि दुकानदार म्हणतो शनिवारी किट लावा, रविवारी गेको सोडा. बायोअ‍ॅक्टिव्ह टाकी म्हणजे जिवंत माती, झाडं आणि घाण खाणारे बारीक जीव असलेली काचेची पेटी. ती लावून होईल हो दोन दिवसांत, पण तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो. दुकानदाराला गेको विकायचाय. मुलीची समजूत मात्र तुम्हालाच काढावी लागेल.

या प्रकारात आधी माती पाळायची, पाल नंतर. मी इथे इंग्लंडमध्येच हे गेको ठेवतो, आणि टाक्या बिघडतात त्या बहुतेक मातीपायीच.

हा प्राणी न्यू कॅलेडोनियाच्या बेटांवरचा, झाडाझुडपांवर राहणारा. १९९४ मध्ये पुन्हा सापडेपर्यंत तो नामशेष झाला असंच समजत होते. झाडावरचा म्हणून टाकी उभी हवी. मोठ्या गेकोला ४५ × ४५ × ६० सेंमी, दार पुढून उघडणारं आणि वर जाळी. वरून हात घातला की त्याला शिकारी पक्षी आल्यासारखं वाटतं, घाबरून शेपटी टाकतो, आणि आपल्या घरातल्या पालीसारखी ती याला परत येत नाही.

तळाशी चार-पाच सेंमी भाजक्या मातीच्या हलक्या गोळ्या, त्यावर बारीक जाळी, त्यावर आठ-दहा सेंमी माती. बिनखताची बागेची माती, कोकोपीट, ऑर्किडची साल, थोडी वाळू, थोडा कोळसा. प्रमाणावरून लोक तावातावाने भांडतात, पण निचरा होतोय ना एवढं बघा. गावी शेती असेल तर वाफसा काय ते तुम्हाला ठाऊक असेल. तसंच इथे: मूठ दाबली की गोळा झाला पाहिजे, थेंब गळता कामा नये. गोळ्यांमधलं पाणी मातीला टेकलं की मुळं कुजतात आणि सडक्या अंड्याचा वास येतो. तसं झालं तर नळीने पाणी ओढून घ्या आणि फवारणी कमी करा.

झाडं साधीच घ्या: मनी प्लांट, स्नेक प्लांट, एखादं ब्रोमेलियाड. कुंडीतली माती पूर्ण धुऊन टाका, कारण नर्सरीच्या मातीत खताच्या गोळ्या असतात आणि पानांवर औषध मारलेलं असू शकतं. गेको पानांवरचेच थेंब चाटून पाणी पितो. चढायला कॉर्कच्या सालीच्या नळ्या आडव्या-तिरक्या लावा.

आता सफाई कामगार. स्प्रिंगटेल म्हणजे बुरशी खाणारे, टुणकन उडणारे पांढरे ठिपके. आयसोपॉड म्हणजे ओली कुंडी उचलली की खाली पळापळ करणारे ते राखाडी जीव, नात्याने खेकडा-कोळंबीतले. त्यांना ओलावा लागतो, म्हणून एक कोपरा कायम दमट ठेवा. वर ओक किंवा बीच या झाडांच्या वाळक्या पानांचा जाड थर, आणि आयसोपॉडच्या कवचासाठी समुद्रफेनाचा तुकडा. पानं रस्त्याकडेची नकोत, आणि घालण्याआधी उकळून घ्या. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लाकडावर पांढरी कापसासारखी बुरशी येईल. घाबरून सगळं उपसू नका, स्प्रिंगटेल तीच खाऊन वाढतात. पानं उचलल्यावर खाली आयसोपॉडची पिल्लं वळवळताना दिसली की टाकी लागली म्हणायची.

तोवर गेको कुठे? आणलात तर साध्या डब्यात, किचन पेपरवर, निदान महिनाभर. खातो किती, शी कशी होते ते दिसतं. शीचा नमुना सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडून तपासून घ्या. पोटात परजीवी असतील आणि तसाच मातीत सोडलात तर ते मातीतून काढणं जवळपास अशक्य, सगळी टाकी टाकून द्यावी लागते. ही पायरी दुकानदार सांगत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच.

साफसफाईचं म्हणाल तर काचेवरची शी पुसावी लागते, गेकोच्या खाण्याची, फळांच्या पावडरीची वाटी बदलावी लागते, झाडं छाटावी लागतात. वाचते ती दर थोड्या दिवसांनी सगळी माती बदलण्याची कटकट. फवारणी संध्याकाळी. रात्री आर्द्रता सत्तर-ऐंशी टक्के चालते, पण दिवसा पन्नासच्या आसपास उतरू द्या. सतत ओलं ठेवणं हे प्रेम नव्हे.

आणखी एक, भारतात परतायचा विचार असेल तर आधी नीट ठरवा. हे पंधरा-वीस वर्षं जगतात.

किटमधली हीट मॅट परत करा. खालून माती तापवून आयसोपॉड मरतील, आणि गेकोला दिवसा २२ ते २५ अंश पुरे, २८ च्या वर त्रास होतो. त्या पैशात थर्मोस्टॅट आणि डिजिटल आर्द्रतामापक घ्या. थंडीत खोली फारच गार पडली तर जाळीवर कमी वॉटचा दिवा लावा, पण थर्मोस्टॅटशिवाय नको.