बुद्धिमत्तेचे प्रकार किती, आणि आपला प्रकार व स्वभाव ओळखून यश मिळवता येतं का?

तुम्ही बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी सांगितलेले बुद्धिमत्तेचे प्रकार वाचलेत, आणि बोटांचे ठसे घेऊन 'तुमची बुद्धिमत्ता कोणती' ते सांगणाऱ्या एका सेंटरनं सहा हजार रुपये मागितलेत, ते भरावेत का असं विचारलंय. भरू नका. हे आधी सांगून टाकतो, कारण बाकीचं सांगायला मला वेळ लागणार आहे.

तासगावच्या बाजूला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतीपंपाच्या मोटारी जळतात, त्यांची जळकी तार काढून नवी घालायची, हे काम. बावीस वर्षं झाली.

१९९३ साली मी सातवीत होतो. माझे मामा शिक्षक, शिष्यवृत्तीचे जादा तास घ्यायचे. त्यांच्या वर्गातली पोरं दरवर्षी यादीत यायची, त्यामुळे घरचा भाचा तर यायलाच पाहिजे. मराठी आणि गणितात मी बरा होतो. बुद्धिमत्ता चाचणीच्या सराव पेपरात मला शंभरपैकी अडतीस मिळाले. मामा पेपर घेऊन घरी आले, सोप्यात बसले आणि माझ्यासमोर आईला म्हणाले, "आक्का, ह्याच्या डोक्याच्या नादाला लागू नगंस. बुद्धीच न्हाई. हाताला कायतरी काम लाव." दुसऱ्या दिवसापासून मला जादा तासाला बोलावणं बंद झालं. वडील नव्हते, मामांचा शब्द घरात शेवटचा. दहावीनंतर कॉलेजचा विषयच निघाला नाही, थेट आय.टी.आय.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत तो पेपर सापडला. तिनं का जपून ठेवला होता, माहीत नाही. लाल शाईचे शेरे अजून लख्ख आहेत. मी दुकानात बसून एकेक प्रश्न बघितला. सांकेतिक भाषा, अक्षरमाला, नातेसंबंध, सगळीकडे फुल्या. आणि आरशातली प्रतिमा, पाण्यातली प्रतिमा, घड्या घातलेला कागद, 'गटात न बसणारी आकृती ओळखा' अशा वीस प्रश्नांत अठरा बरोबर. मामांनी शेवटची बेरीज तेवढी बघितली होती. ह्या पोराला कुठं कळतंय आणि कुठं अडतंय, ते त्याच कागदावर त्यांच्याच हातानं लिहिलेलं होतं.

आता तुमच्या प्रश्नाशी ह्याचा काय संबंध, ते सांगतो.

आय.टी.आय. झाल्यावर मी मिरजेला एका मिस्त्रींकडे कामाला होतो. एप्रिलची छाटणी झालेली, द्राक्षबागेला पाणी हवंच, आणि एका बागायतदाराची पाच एच.पी.ची मोनोब्लॉक मोटार त्या हंगामात तिसऱ्यांदा जळून आली. मिस्त्री तार चांगली वापरायचे, हात सफाईचा, कामात खोट नव्हती. तरी मोटार महिनाभरात परत यायची. बागायतदार म्हणायचा तार हलकी घातली, मिस्त्री म्हणायचे पंपावर भार जास्त आहे.

तिसऱ्या खेपेला छिन्नीनं तार तोडायच्या आधी मी स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा, तारेच्या कॉइल बसवलेला भाग, उचलून बाहेर उन्हात नेला आणि नुसता बघत बसलो. कॉइलची डोकी गोलाकार बाहेर आलेली असतात. त्या गोलात दोन गट कोळशासारखे काळे, तिसरा गट मधाच्या रंगाचा, कोरा. पुन्हा दोन काळे, एक कोरा. पूर्ण गोलभर तसंच. भारानं जळली असती तर सगळा गोल सारखाच काळवंडला असता. शेतीपंपाच्या मोटारीला वीज तीन तारांतून येते, एकेक तार म्हणजे एक फेज. स्टार नावाच्या पद्धतीनं जोडलेल्या मोटारीची एक फेज तुटली की सगळा भार उरलेल्या दोन फेजा ओढतात आणि जळतात. तिसरीतून करंटच जात नाही, म्हणून ती जशीच्या तशी राहते. एक फेज गेली की मोटार जळते, एवढं आय.टी.आय.त शिकवलं होतं. जळल्यावर ती दिसते कशी, ते कुणी दाखवलं नव्हतं.

सायकलवरून विहिरीवर गेलो. पेटीतल्या तीन किटकॅट फ्यूजपैकी मधल्याची पट्टी काळी पडून ढिली झालेली. धक्का लागला की फेज जायची. करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले कुणीतरी तार जोडून बाद करून ठेवलेला, मग ट्रिप होणार कशी? फ्यूज बदलला, रिले जागेवर आणला, एक फेज गेली की मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवून घेतला. ती मोटार पुन्हा आमच्याकडे आली ती काही वर्षांनी, बेअरिंग बदलायला.

ट्रंकेतला पेपर बघताना मला तो स्टेटर आठवला. दोन काळे, एक कोरा. 'गटात न बसणारी आकृती ओळखा.'

आकार आणि रचना नजरेनं ओळखायच्या ह्या ताकदीला गार्डनर अवकाशीय बुद्धिमत्ता म्हणतात. १९८३ साली त्यांनी सात प्रकार मांडले: भाषा, तर्क-गणित, अवकाश, संगीत, शरीर, दुसऱ्याला ओळखणं आणि स्वतःला ओळखणं. आठवा निसर्गाचा नंतर घातला. यादी तुम्ही वाचलीच आहे. मला ती ह्यासाठी आवडते की मामांसारख्या माणसाला तिनं दुसऱ्या बाजूनं बघायला लावलं असतं. पण यादी वाचून माणसाला आपला प्रकार सापडतो, ह्यावर माझा विश्वास नाही. काम करताना तो सापडतो. चार जण एकच वस्तू बघत असतात, आणि त्यातली एक चूक तुम्हालाच टोचते, बाकीच्यांना दिसतही नाही. ताळेबंदात एखादा आकडा खटकतो, की वर्गात कोण नाराज बसलंय ते आधी कळतं, की दुकानातला माल चुकीच्या फळीवर लावलाय ते दिसतं? सहा महिने हे वहीत लिहा. मला कुणी विचारलं तर हीच चाचणी.

आणि ही वही खऱ्या जागी लिहा, परीक्षेच्या हॉलमध्ये नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पाच मुलांचा एक अभ्यास १९८५ साली छापून आला. गाड्यावर गिऱ्हाईक म्हणून हिशेब विचारला तेव्हा त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तसेच आकडे कागदावर नुसती गणितं म्हणून दिले तर जेमतेम ३७ टक्के. पोरं तीच होती.

आता स्वभावाचं. चार अक्षरांत माणूस बसवणाऱ्या एम.बी.टी.आय.सारख्या चाचण्या नोकरीच्या ठिकाणी चालतात. स्विस मानसशास्त्रज्ञ युंग यांच्या १९२१च्या पुस्तकावरून अमेरिकेतल्या ब्रिग्ज मायलेकींनी ती पद्धत बसवली. अडचण अशी की तोच माणूस काही आठवड्यांनी पुन्हा चाचणीला बसला की बऱ्याचदा अक्षर बदलतं. मानसशास्त्रातली माणसं पाच गुणांची मोजणी जास्त मानतात: नवं करून बघायची ओढ, काटेकोरपणा, माणसांत रमणं, जुळवून घेणं आणि मन लवकर ढवळणं. ह्यात कुणी 'ह्या जातीचा' नसतो, प्रत्येक गुण कमी-जास्त असतो.

माझ्यात जुळवून घेण्याचा गुण गरजेपेक्षा जास्त आहे. मला नाही म्हणता येत नाही. स्वतःचं दुकान टाकल्यावर पहिली चार वर्षं ह्यानं मला खाल्लं. उन्हाळ्यात जो येईल त्याला "उद्या देतो". एका दिवसाला सात मोटारी कबूल करून बसलो होतो, हातानं होतात दोन. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची ऊसाची लागण वाळली. ते दुकानात आले, ओरडले नाहीत. म्हणाले, "तुझ्या कामाला नाव ठेवत न्हाई बाळा, शब्दाला ठेवतो." ती रात्र मी झोपलो नाही.

स्वभाव बदलायचे प्रयत्न मी आधी करून बघितले होते. होत नाही, निदान माझ्यानं झालं नाही. मग बायकोनं वही हातात घेतली. आता मोटार टेकवली की तारीख तीच देते. मी गिऱ्हाइकाशी तार, टर्न (वेढे) आणि गेज (तारेची जाडी) ह्यांवर बोलतो, तारखेवर बोलायचं नाही असं ठरलंय. त्या उन्हाळ्यानंतर दिलेली तारीख चुकल्याचे प्रसंग बोटांवर मोजता येतील, आणि दुकान त्यावर उभं राहिलं. स्वभाव ओळखून यश मिळतं का, ह्याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. आपला स्वभाव जिथं नेमका घात करतो तिथं दुसऱ्याचा हात लावून घ्यायचा.

आता ठशांकडे येतो. गेल्या दिवाळीत मामा दुकानात आले. बरोबर नातू, आठवीतला, आणि हातात रंगीत छापलेला अहवाल. ठसे घेऊन काढलेला. मेंदूचा डावा भाग इतके टक्के, उजवा इतके, शारीरिक बुद्धिमत्ता अमुक, शेवटी 'शिफारस : खेळ, नृत्य, टाळावे : विज्ञान शाखा'. मामांनी विचारलं, "ह्याचं काय करावं?"

ठसे आईच्या पोटात तयार होतात आणि मरेपर्यंत तेच राहतात. पोरगं शिकतं, चुकतं, सुधारतं, त्यातलं त्या रेषांवर काहीही उमटत नाही. गार्डनर यांच्या मांडणीत ठशांना कुठं जागाही नाही. हे मी त्यांना सांगितलं. मग तोंडातून दुसरंच बाहेर आलं.

माझ्या धाकट्याला चौथीपर्यंत धड वाचता येईना. मिरजेला एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याची बिने-कामत चाचणी घेतली. कामतांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, ती ही. बाई मला म्हणाल्या, घाबरू नका, ही मूळ चाचणी १९०५ साली पॅरिसमध्ये तयार झाली तीच मुळी कोणत्या मुलाला जास्तीची मदत लागेल ते शोधायला. बुद्धी म्हणजे कायमचा ठरलेला आकडा, वाढतच नाही, असं म्हणणाऱ्यांना बिने यांनी स्वतः विरोध केला होता. मुलाची बुद्धी चांगली निघाली, वाचनातच अडचण होती. त्याला वेगळ्या पद्धतीनं शिकवणं सुरू झालं. आता तो सातवीत आहे आणि माझ्या दुकानाची बिलं वाचून दाखवतो.

हे सगळं मी मामांना सांगितलं. म्हणालो, "मामा, चाचणी कुणाला जास्त शिकवायचं ते ठरवायला निघाली. तुम्ही ती कुणाला शिकवायचं नाही ते ठरवायला वापरली. माझ्या वेळी लाल पेन होतं, आता रंगीत अहवाल आहे." ट्रंकेतला पेपर ड्रॉवरमध्येच होता, तो काढून समोर ठेवला. मामांनी चष्मा लावला, पानं उलटली, आकृत्यांच्या पानावर बराच वेळ थांबले. बोलले काहीच नाहीत.

काही गोष्टी राहिल्या. गार्डनर यांची मांडणी सगळे मानत नाहीत. एका विषयात चांगला असलेला माणूस बऱ्याचदा दुसऱ्यातही बरा असतो, हे इंग्रज मानसशास्त्रज्ञ स्पियरमन यांनी १९०४ सालीच दाखवलं होतं, आणि ते अजून टिकून आहे. म्हणजे 'माझी बुद्धी वेगळी आहे' म्हणून गणित सोडून देऊ नका. टर्न, गेज, करंट हे मलाही आकड्यांतच काढावं लागतं, आणि ते मी तिशीत रात्री बसून शिकलो. परीक्षेच्याही मी विरोधात नाही, माझी मुलगी शिष्यवृत्तीला बसली होती. आणि मामांनी आमच्या घरासाठी खूप केलं, आय.टी.आय.ची फी त्यांनीच भरली होती. हेही लिहायला हवं.

कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे जा. पाच गुणांची प्रश्नावली त्यांच्याकडून करून घ्या आणि निकाल त्यांच्यासमोर बसूनच वाचा. सहा हजारांतून उन्हाळ्यात एखाद्या सी.ए.कडे किंवा व्यापाऱ्याकडे महिनाभर बिनपगारी बसायचा जाण्यायेण्याचा खर्च निघेल.

मामा त्या दिवसानंतर दुकानात आलेले नाहीत. त्यांचा नातू रविवारी सायकलवर येतो. स्लॉटमध्ये इन्सुलेशनचा कागद घालायला शिकलाय, आणि विज्ञान शाखेचा फॉर्म कसा भरतात ते मला विचारतोय.