इम्युनोथेरपी चालू असताना अंगावर पुरळ आले, तर पुढचा डोस थांबवावा का?

आपण विचारले आहे की, आपल्या ६४ वर्षांच्या वडिलांना फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी मुंबईत दर तीन आठवड्यांनी पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे (प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे) औषध दिले जाते, तिसऱ्या डोसनंतर त्यांच्या पाठीवर आणि दंडांवर लाल पुरळ उठून रात्रभर खाज सुटते, घरातील वडीलधारी मंडळी "केमोची उष्णता बाहेर पडते आहे, पुढचा डोस टाळा" असे म्हणत आहेत आणि कोल्हापुरात हे नेमके कोणाला दाखवावे, हे कळत नाही. मी येथे त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि असे रुग्ण पाहतो. वडिलांना मी तपासलेले नाही, त्यामुळे पुढील मजकूर निदान समजू नये. मात्र एवढे आताच सांगतो की डोस टाळण्याचा निर्णय घरात घेऊ नका.

ही उष्णता नव्हे आणि पेम्ब्रोलिझुमॅब म्हणजे केमोथेरपीही नव्हे. आपल्या टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींना, पीडी-१ नावाची एक वेसण असते. ती नसती, तर या पेशी आपल्याच शरीरावर तुटून पडल्या असत्या. कर्करोगाच्या पेशी नेमकी हीच वेसण ओढून धरतात आणि स्वतःचा बचाव करतात. पेम्ब्रोलिझुमॅब ती वेसण सोडवते. (या वेसणींच्या शोधाबद्दलच जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले.) परंतु मोकळा सुटलेला बैल बांधावरचे गवत तेवढेच खात नाही, कडेच्या उसालाही तोंड लावतो. त्वचा हा तो कडेचा ऊस आहे. पीडी-१ रोखणारी औषधे घेणाऱ्या दहा रुग्णांपैकी साधारण तीन-चार जणांना त्वचेचा काही ना काही त्रास होतो, आणि इपिलिमुमॅबसारखे, दुसरी वेसण सोडवणारे औषध जोडीला असेल तर हे प्रमाण आणखी वाढते. साधे पुरळ बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच उठते, म्हणजे वडिलांच्या बाबतीत काळ जुळतो.

आता पुरळ किती आहे, हे मोजायचे. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट धरला, तर तो शरीराच्या पृष्ठभागाच्या सुमारे एक टक्का भरतो. पुरळ दहा तळहातांपेक्षा कमी जागेत असेल, तर ते सौम्य. दहा ते तीस असेल, तर मध्यम. त्याहून अधिक असेल, तर गंभीर, असा ढोबळ हिशेब आम्ही करतो. सौम्य असल्यास इम्युनोथेरपी सहसा चालूच राहते आणि लावायचे स्टेरॉइड मलम, मॉइश्चरायझर व खाजेची गोळी एवढ्यावर भागते. मध्यम असल्यास मलम अधिक तीव्र द्यावे लागते आणि डोसबाबत कर्करोगतज्ज्ञ परिस्थिती पाहून ठरवतात. गंभीर असल्यास डोस पुढे ढकलून पोटातून प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी सुरू करतात आणि ते निदान चार आठवडे हळूहळू उतरवतात. खाज थांबली म्हणून मधेच सोडून दिलेले प्रेडनिसोलोन मूळ त्रासापेक्षा महागात पडते. टक्केवारी कमी असली, तरी झोप उडत असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण पुरळाची तीव्रता केवळ क्षेत्रफळावर ठरत नाही.

कोल्हापुरात मला खरी अडचण दिसते ती वेगळीच. उपचार मुंबईत, पुरळ इथे, आणि मधल्या तीन आठवड्यांत रुग्णाच्या हाती लागते ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमधली ट्यूब. अशा अनेक ट्यूबांमध्ये तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेले असते. आपल्याकडे पावसाळ्यात अंग दिवस-दिवस कोरडे होत नाही, जांघेत आणि कमरेला गजकर्ण होणारे घरोघरी असतात, आणि त्यावर ही ट्यूब लावली की लाली दबते, पण बुरशी आतून पसरत राहते. गेल्या पावसाळ्यात एका रुग्णाच्या कमरेला असेच दिसले. निम्मे पुरळ इम्युनोथेरपीचे आणि निम्मे ट्यूबने पोसलेले गजकर्ण. कडेची खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा दोन्ही वेगळे झाले. म्हणून तपासणीपूर्वी काही लावायचेच असेल, तर खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. कोमट पाण्याने अंघोळ घाला, वज्री आणि काथ्या दोन्ही दूर ठेवा, आणि कडुलिंबाचा किंवा हळदीचा लेप देऊ नका, कारण आधीच चिडलेल्या त्वचेवर त्याने आग वाढते आणि आम्हाला मूळ रूप दिसत नाही.

दुसरा एक रुग्ण सांगण्यासारखा आहे. करवीर तालुक्यातील एक शेतकरी, इम्युनोथेरपी सुरू होऊन आठ महिने झालेले. दोन महिने अंगाला खाज, पुरळ मात्र जवळपास नाही. घरच्यांनी उसाच्या पाल्याची कूस लागली असे धरून चालले. मग एके दिवशी मांडीच्या आतल्या बाजूला हरभऱ्याएवढे फोड आले, ताणलेले, आत स्वच्छ पाणी, बोटाने दाबले तरी न फुटणारे. त्वचेचा तुकडा तपासणीला पाठवल्यावर बुलस पेम्फिगॉइड निघाला. या आजारात प्रतिकारशक्ती त्वचेचा वरचा थर खालच्या थराला जोडून ठेवणाऱ्या प्रथिनांवरच उलटते. तो महिन्यांनंतर, कधी औषध थांबल्यानंतरही उद्भवू शकतो आणि फोडांच्या आधी नुसती खाज येऊ शकते, हे लक्षात राहावे म्हणून हा प्रसंग लिहिला. वयस्कर माणसाची न थांबणारी खाज "कोरडी त्वचा" म्हणून सोडून देऊ नये.

ज्याला थांबायला वेळ नाही, अशीही एक अवस्था आहे. ताप, तोंडात किंवा गुप्तांगावर फोड, डोळे लाल होऊन आग, खाजेऐवजी वेदना, स्पर्श केल्यावर कातडी सुटणे, यांपैकी काहीही दिसले, तर मुंबईला फोन लागेपर्यंत वाट न पाहता सरळ अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्या. क्वचित होते, पण जीवघेणे असते. तेथे इम्युनोथेरपीबरोबरच अलीकडे सुरू झालेल्या प्रत्येक गोळीची यादी द्या, विशेषतः अँटिबायोटिक, फिट्सची गोळी किंवा युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल, कारण दोष त्यांचाही असू शकतो.

पुरळ आल्यावर वडिलांना जुलाब, नवा खोकला, धाप किंवा डोळ्यांत पिवळेपणा आहे का, हेही विचारा. सुटलेला बैल कधी आतड्याकडे, फुफ्फुसाकडे किंवा यकृताकडेही वळतो.

पुरळ आले म्हणजे औषध लागू पडते आहे, असे कोणी सांगेल. काही अभ्यासांत असा संबंध दिसला आहे, मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) रुग्णांत अंगावर उठणाऱ्या कोडाबाबत तर तो बराच स्पष्ट आहे. पण ज्यांना पुरळ येत नाही त्यांचे औषध चालत नाही, असा उलटा अर्थ त्यातून निघत नाही. खाजेवर औषध न घेण्याचे कारण म्हणून तर हे मुळीच वापरू नका.

कोल्हापुरात कोणत्याही एमडी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवता येईल. मात्र आत जाताच पहिले वाक्य "इम्युनोथेरपी चालू आहे, औषध पेम्ब्रोलिझुमॅब, शेवटचा डोस अमुक तारखेला" हे असू द्या आणि फाइल सोबत न्या. नाही तर पित्त, घामोळे किंवा खरूज समजून उपचार होण्याची शक्यता फार आहे. दिवसाच्या उजेडात पाठीचे आणि दंडांचे फोटो काढा, शेजारी वडिलांचा तळहात ठेवून, आणि ते आजच मुंबईच्या डॉक्टरांना पाठवा. महालक्ष्मी एक्सप्रेसचे तिकीट रद्द करायचे की नाही, हे त्यांचे उत्तर आल्यावर ठरवा.