युलिमिट वाढवूनही स्लॅपडी बंद का पडतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओपनएलडॅपच्या (वापरकर्त्यांची खाती वगैरे ठेवणारी डिरेक्टरी) सर्व्हरवर चार लाख नोंदी, रॅम 16 जीबी, लिमिट्स डॉट कॉन्फमध्ये (युलिमिट, म्हणजे प्रोसेसवरच्या मर्यादा, ठरवणारी फाइल) सगळं अनलिमिटेड करून झालंय, तरी स्लॅपडी (ओपनएलडॅपचा मुख्य प्रोग्राम) कधी सुरूच होत नाही, तर कधी चालता चालता मारला जातो.

हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्याने आमचे हाल झालेत, म्हणून आधी तोच सांगतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शिक्षणसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो. जूनची दुपार, प्रवेशाचे दिवस. लाइन गेली आणि थोड्या वेळाने इन्व्हर्टरही बसला. लाइन आल्यावर मशीन उठली, स्लॅपडी मात्र उठेना. लॉगमध्ये ओळ एकच: 'कॅनॉट अलोकेट मेमरी'. फ्री कमांड मारली तर 14 जीबी मोकळी! बाहेर खिडकीशी पोरं फॉर्म धरून उभी, आणि बाबू दर दोन मिनिटांनी येऊन "झालं का जी?" विचारायचे. अर्ध्या तासाने स्लॅपडीची सर्व्हिस फाइल उघडली (लिनक्समध्ये सर्व्हिस उठवणारा सिस्टमडी हीच वाचतो). महिनाभरापूर्वी कोणीतरी काळजीपोटी त्यात लिमिटएएस (पत्त्यांच्या जागेची, म्हणजे व्हर्च्युअल मेमरीची मर्यादा) 8 जीबी लिहून ठेवलं होतं. मधल्या काळात रीस्टार्ट झालाच नव्हता, म्हणून ते लागू झालं नव्हतं. ओळ काढली, डीमन-रीलोड केलं (सिस्टमडीला फाइल पुन्हा वाचायला लावली), स्लॅपडी लगेच उठला.

झालं असं की एमडीबी बॅकएंड (स्लॅपडीचा डेटा साठवणारा भाग) आपली फाइल मेमरी-मॅप करतो, म्हणजे मेमरीच्या पत्त्यांवर मांडतो, आणि मॅक्ससाइजमध्ये (डेटाबेसच्या कमाल आकाराची सेटिंग) जेवढा आकडा असेल तेवढी पत्त्यांची जागा सुरू होतानाच मागतो. आमचा आकडा 20 जीबी होता. सातबाऱ्यावर वीस एकर असले म्हणून पेरा वीस एकरांत होतोच असं नाही. व्हर्च्युअल आकडा हा सातबारा, खरी रॅम हा पेरा. म्हणून व्हर्च्युअलवर मर्यादा घालूच नका. मॅक्ससाइज मोकळ्या हाताने ठेवा, मूळ 10 एमबी तर चार लाख नोंदींना कुठेच पुरणार नाही. ती भरली की वाचन चालू राहतं, पण नवी नोंद घेतली जात नाही.

आणि लिमिट्स डॉट कॉन्फ पॅमच्या (लॉगिन हाताळणारी यंत्रणा) लॉगिनला लागू होते, सिस्टमडीने उठवलेल्या सर्व्हिसला नाही. तुमचं अनलिमिटेड बहुधा तिथवर पोचलंच नाही. प्रॉकमध्ये (चालू प्रोसेसची माहिती देणारं फोल्डर) स्लॅपडीच्या पीआयडीखालची (प्रोसेसचा नंबर) लिमिट्स फाइल वाचा, खरं काय लागू आहे ते तिथेच दिसेल. बदल सर्व्हिस फाइलमध्येच करा.

आता मधेच मारला जाण्याचं. डीमेसगमध्ये (कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा लॉग) 'आउट ऑफ मेमरी' दिसतंय का पाहा. मेमरी संपली की कर्नल एखादी प्रोसेस मारतो, आणि तो बळी निवडताना मॅप केलेल्या फाइलची रॅममधली पानंही त्या प्रोसेसच्या नावावर धरतो. त्यामुळे मेमरी दुसऱ्याच कोणी खाल्ली असली तरी सगळ्यात मोठा स्लॅपडीच दिसतो आणि तोच जातो. सर्व्हिस फाइलमध्ये ओओएमस्कोअरअ‍ॅडजस्ट (बळी निवडताना स्लॅपडीला टाळायला सांगणारी सेटिंग) -900 द्या, पण मेमरी खाणारा शोधा. आमच्याकडे रात्रीचं बॅकअप स्क्रिप्ट निघालं. मेमरीमॅक्स (सर्व्हिसच्या मेमरीची कमाल मर्यादा) लावत असाल तर जपून: त्यात पेज कॅशही (रॅममध्ये ठेवलेली फाइलची पानं) मोजली जाते. डेटाबेस 6 जीबी आणि मर्यादा 4 ठेवलीत तर स्लॅपडी मरेलच असं नाही, पण डिस्क सारखी कुरकुरत राहील. स्वॅपीनेस (रॅममधली पानं डिस्कवर हलवण्याची कर्नलची ओढ) आम्ही 60 वरून 10 वर आणलाय.

लिमिटएनओफाइल (एका वेळी किती फाइली आणि कनेक्शनं उघडता येतील ती मर्यादा) मात्र दहा लाखांवर नेऊ नका. स्लॅपडी सुरू होताना तेवढ्या कनेक्शनांचा तक्ता आधीच मांडतो, त्यात शेकडो एमबी फुकट जातात. तुमच्या कामाला 8192 पुरेल.

डीमेसगची ती ओळ आणि मॅक्ससाइजचा आकडा इथे टाका, मी बघतो.