सहाही उपकरणं ठीक होती

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुमचं छोटं रॉकेट पुन्हा उडणार आणि दोष शोधणाऱ्या गटात तू आहेस, हे वाचून फार आनंद झाला. पहिलं सापडलेलं कारण लगेच मान्य करू नकोस, म्हणून हे लिहितो आहे.

इस्रोच्या एसएसएलव्हीचं, म्हणजे लहान उपग्रह सोडणाऱ्या छोट्या रॉकेटचं, उदाहरण बारकाईने अभ्यास. ७ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून त्याचं पहिलं उड्डाण झालं. घन इंधनाचे तिन्ही टप्पे नीट चालले, तरी उपग्रह ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी पृथ्वीपासून जास्तीत जास्त ३५६ आणि कमीत कमी ७६ किलोमीटर उंचीच्या लंबवर्तुळात गेले. वेग कमी पडला तो सेकंदाला ५६ मीटर, म्हणजे हव्या त्या वेगाच्या एक टक्काही नाही. पण ७६ किलोमीटरवरची हवा उपग्रहाला टिकू देत नाही.

झालं असं, की दुसरा टप्पा वेगळा होताना क्षणभर जोराची कंपनं आली आणि सहाही त्वरणमापकांचे, म्हणजे वेगातला बदल मोजणाऱ्या उपकरणांचे, आकडे कमाल मर्यादेला भिडले. संगणकाने सगळे बाद ठरवले. मग रॉकेट आधी भरून ठेवलेल्या मार्गाने, मोजमापाविनाच उडत राहिलं. खरं तर एकही उपकरण बिघडलेलं नव्हतं! मला हे फार महत्त्वाचं वाटतं. उद्या बैठकीत कुणी ‘सेन्सर गेला’ म्हणालं, तर विचार: गेला हे ठरवलं कुणी, किती वेळाच्या नोंदीवरून? जमिनीवरच्या चाचणीत तेवढा धक्का दिला होता का?

त्यांनी धक्का कमी देणारी विलगीकरण यंत्रणा बसवली आणि उपकरण बाद ठरवण्याचे नियमही बदलले. शिवाय अडचणीच्या वेळी नाविकच्या, म्हणजे भारताच्या जीपीएससारख्या उपग्रह यंत्रणेच्या, माहितीवर दिशा ठरवायची सोय केली. १० फेब्रुवारी २०२३ च्या उड्डाणात तीन उपग्रह ४५० किलोमीटरच्या कक्षेत पोचले. पहिल्या वेळी शाळकरी मुलींनी घडवलेला आझादीसॅट गमावला होता. या वेळी आझादीसॅट-२ सुखरूप गेला. त्या मुलींना काय वाटलं असेल!

दुरुस्तीच्या निमित्ताने ‘हेही करून घेऊ’ म्हणणारे भेटतील. त्यांना थांबव. दोषाशी संबंध नसलेला प्रत्येक बदल नव्याने तपासावा लागतो आणि तेवढा वेळ तुमच्याकडे नसेल. तुझी शंका मात्र लेखी दे, तारीख घालून. म्हणजे उड्डाणाला परवानगी देण्याआधी कुणाला तरी तिचं उत्तर लिहावंच लागेल.

तुझा,
सर