पोर्तुगीज आणि तेलुगूचं काही नातं आहे का?

प्रश्न असा आला आहे: पोर्तुगीज आणि तेलुगू, दोन्ही ऐकताना शब्द स्वरावर संपतात असं वाटतं. तेलुगूत 'मेस्त्री', 'पादिरि' असे पोर्तुगीज शब्दही आहेत. मग या दोन भाषांचं काही नातं आहे का? आणि मराठी माणसाला त्यातली कुठली जवळची?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे: नातं नाही. पोर्तुगीज लॅटिनमधून आली, तेलुगू द्राविडी कुळातली. दुसऱ्या भागाचं उत्तर मात्र गमतीचं आहे, कारण शब्दांकडे पाहिलं तर मराठी एकीच्या घरची वाटते आणि वाक्यांकडे पाहिलं तर दुसरीच्या.

आधी आकडे घ्या. पोर्तुगीजमध्ये दोइश, त्रेश, सेत, ओयतु, नोव. मराठीत दोन, तीन, सात, आठ, नऊ. तेलुगूत रेंडु, मूडु, एडु, एनिमिदि, तोम्मिदि. दाताला पोर्तुगीज 'देंत' म्हणतात, नव्याला 'नोवु'. हे उसने शब्द नव्हेत. संस्कृत आणि लॅटिन एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या, त्या जुन्या भाऊबंदकीची ही खूण.

आता वाक्य. 'मला भूक लागली आहे' हे तेलुगूत 'नाकु आकलि वेस्तोंदि'. 'नाकु' म्हणजे मला, 'आकलि' म्हणजे भूक. माणूस चतुर्थीत बसलेला, भूक आपणहून त्याच्याकडे आलेली. पोर्तुगीज माणूस 'तेन्यु फोम' म्हणतो, म्हणजे सरळ 'बाळगतो भूक'. 'मला दोन मुलं आहेत' हेही तेलुगूत शब्दाला शब्द लावून जमतं: 'नाकु इद्दरु पिल्ललु उन्नारु'. पोर्तुगीजमध्ये पुन्हा तेच 'बाळगतो' हे क्रियापद. आणि माझं लाडकं उदाहरण म्हणजे 'नाकु तेलुगु वच्चु'. मला तेलुगू येतं. भाषा 'येते' ती आपल्याकडे आणि त्यांच्याकडे; पोर्तुगीजमध्ये ती 'जाणावी' लागते.

तेलुगूत 'मनं' आणि 'मेमु' असे दोन 'आम्ही' आहेत. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर पहिला, त्याला वगळून बोलायचं तर दुसरा. आपलं 'आपण' आणि 'आम्ही' अगदी असंच चालतं. हिंदीभाषक मित्राला हा फरक समजावताना घाम फुटतो, सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली माणसाला तो सांगावाच लागत नाही. पोर्तुगीजचं काम एका 'नॉश'मध्ये भागतं. मराठीला ही सवय द्राविडी शेजारातून लागली असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि मला ते पटतं.

शेजार वाक्याची मोडणी बदलतो याचा पुरावा रायगड जिल्ह्यातच आहे. कोर्लईच्या किल्ल्याखालच्या गावात ख्रिस्ती कुटुंबं आजही पोर्तुगीजपासून घडलेली बोली बोलतात. तिला ते 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. 1740 साली पोर्तुगीज चौल-कोर्लई सोडून गेले. बोली राहिली, पण मराठीच्या सहवासात तिचं क्रियापद वाक्याच्या मधून उठून शेवटी जाऊन बसलं. शब्द पोर्तुगीज, क्रम मराठी. म्हणजे तेलुगूचाच.

तेलुगूतले पोर्तुगीज शब्द मात्र अशा सहवासातून आलेले नाहीत. तेलुगू मुलखावर पोर्तुगिजांचं गोव्यासारखं राज्य कधीच नव्हतं. सतराव्या शतकात बंदरांतून व्यापाराची बोली म्हणून मोडकी पोर्तुगीज चाले. 1611 मध्ये मछलीपट्टणमला वखार घालणाऱ्या इंग्रजांनाही तिच्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणून तेलुगूत शिरले ते बाजारचे आणि फळांचे शब्द: अनास (अननस), बोप्पायि (पपई), अलमार. लिलावाचा मूळ पोर्तुगीज शब्द 'लैलाँव'. त्याचं नाकातलं शेपूट आपण 'आव' करून ठेवलं, तर तेलुगूने 'पुस्तकम्', 'फलम्' यांच्या पंगतीला बसवून 'वेलम्' केलं.

स्वरान्ताची तुमची शंका अगदीच पोकळ नाही. तेलुगू परक्या शब्दाला शेवटी 'उ' चिकटवते: बस्सु, कारु, पेन्नु. ब्राझीलचे लोक 'इ' चिकटवतात. फेसबुकचं ते 'फेसिबुकि' करतात आणि टेबल टेनिसच्या पिंगपाँगचं 'पिंगी-पाँगी'. पण हे ब्राझीलचं झालं. लिस्बनमध्ये शेवटचे स्वर इतके गिळतात की ऐकणाऱ्याला भलतीच भाषा वाटावी. तेव्हा हे साम्य योगायोगाचं.

लिंगाच्या बाबतीत तिघींची तीन तोंडं. पोर्तुगीजमध्ये टेबल स्त्रीलिंगी, पुस्तक पुल्लिंगी, ते पाठच करायचं. तेलुगूत ती कटकट नाही, पण दुसरी आहे: तो आला 'वच्चाडु', ती आली 'वच्चिंदि', बस आली तीही 'वच्चिंदि'. एकवचनात बाई आणि वस्तू एका रांगेत! अनेकवचनात किंवा आदराने बोलताना मात्र 'वच्चारु' म्हणून ती माणसांत येते. उलट 'मी येतो' आणि 'मी येते' हा भेद फक्त आपलाच. तेलुगूत दोघंही 'वस्तानु', पोर्तुगीजमध्ये दोघंही 'वेन्यु'. आभार मानताना तेवढं पोर्तुगीज पुरुष 'ओब्रिगादु' म्हणतो आणि बाई 'ओब्रिगादा'.

शिकायचीच असेल तर माझं मत तेलुगूला. लिपीला थोडे दिवस जातील आणि आकडे घोकावे लागतील, पण मराठीत सुचलेलं वाक्य क्रम न मोडता तसंच उतरवता येतं. पोर्तुगीजमध्ये लिपी ओळखीची, शब्द अर्धे ओळखीचे, आणि पहिल्याच धड्यात 'आहे'साठी दोन क्रियापदं समोर येतात: 'सेर' कायमच्या गुणाला, 'इश्तार' तात्पुरत्या अवस्थेला. तेलुगूत 'तो डॉक्टर आहे' म्हणताना तर 'आहे' लागतच नाही, 'अतनु डॉक्टरु' एवढ्यावर वाक्य पुरं होतं.