दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही

"ताई, मी ऑगस्टमध्ये एका वर्षासाठी जर्मनीले चालली. सोमवार ते शुक्रवार शाळा, ते समजलं. पण शनिवार-रविवारी तिथं काय करा लागते? ज्यांच्या घरी राहणार त्यांनी लिहिलं, सुट्टीत आम्ही बहुतेक घरीच असतो. बाबाले टेन्शन आलं की तिथले पोट्टे शनिवारी बिअर पेतात. आन आईनं शिवलेली वाकळ आणू का नको?"

दारव्ह्याकडून आलेला तुझा हा निरोप मी दोनदा वाचला. २०१३ मध्ये मी तुझ्याच वयाची असताना गेले, तेव्हा मी फक्त स्वेटर किती न्यायचे एवढंच विचारलं होतं. तू बरोबर जागी बोट ठेवलंस. शाळेच्या दिवसांची काळजी करू नकोस. सहाला उठा, बस पकडा, दुपारी परत या, भाषा समजो न समजो, दिवस सरतो. खरी परीक्षा शनिवारी सकाळी सुरू होते. तेव्हा घंटा नाही, बस नाही, आणि घरातल्या प्रत्येकाला आपण काय करायचं ते माहीत असतं, फक्त तुलाच नसतं.

मी होते म्युन्स्टरलँडमध्ये, म्युन्स्टर शहराच्या पश्चिमेला एका खेड्यात. सपाट जमीन, मक्याची शेतं, डुकरांचे गोठे, आणि प्रत्येक घरात माणसांपेक्षा सायकली जास्त. "घरीच असतो" याचा अर्थ आपल्यासारखा पंखा लावून लोळतो असा नाही. शनिवार म्हणजे कामाचा दिवस. रविवारी दुकानं बंद, म्हणून आठवड्याचा किराणा शनिवारी. गवत कापणं, पाला गोळा करणं, सायकलीची चेन साफ करणं, रद्दी आणि बाटल्या नेऊन टाकणं, सगळं शनिवारी. दुपारी बहुतेक मसुराचा नाहीतर वाटाण्याचा एक मोठा पातेलाभर रस्सा, तोच जेवण. वरणाची फोडणी विसरली तर जसं लागेल तसं लागतं, पण गरम असतं. त्याची किंमत रात्री कळते, कारण रात्रीचं जेवण थंड. ब्रेड, चीज, काकडी. आपल्या घरी ताटात वाफ नसली तर माणूस आजारी आहे असं समजतात.

पहिले तीन शनिवार मी पाहुणीसारखी सोफ्यावर बसून होते. कोणी काम सांगेल याची वाट पाहत. कोणी सांगितलं नाही. त्यांना वाटलं, हिला आराम हवा. मला वाटलं, यांना मी नको. चौथ्या शनिवारी मी उठून पाला ओढायचा दाताळा हातात घेतला, तर तिथला बाबा इतका खूश झाला की त्यानं मला लगेच हातमोजे आणून दिले. हातमोजे मिळाले म्हणजे तू पाहुणी राहिली नाहीस, असं समज.

मग मला जास्तच हुरूप आला. एका रविवारी सगळे झोपलेले असताना मी रिकाम्या काचेच्या बाटल्या घेऊन कोपऱ्यावरच्या कंटेनरवर गेले आणि एकेक आत टाकू लागले. खळ्ळ, खळ्ळ. चौथ्या बाटलीला समोरच्या घराचं दार उघडलं आणि एक म्हातारी गाऊनवर बाहेर आली. ओरडली नाही. घड्याळाकडं नाही, आभाळाकडं बोट दाखवून एवढंच म्हणाली, "आज रविवार आहे." रविवारी आवाज करायचा नाही, हा तिथला नियम फक्त रीतीचा नाही. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून त्यांच्या संविधानात राखून ठेवलेला आहे. १९१९ च्या संविधानातलं कलम १९४९ मध्ये जसंच्या तसं पुढं घेतलं. ड्रिल मशीन नाही, गवत कापायचं यंत्र नाही, बाटल्या नाहीत. आमच्या गावचा आठवडी बाजार रविवारी भरतो. भोंगे, बैलबंड्या, मिरचीचे ढीग, कोंबड्या. त्या रविवारातून मी त्या रविवारात आले होते. पहिल्या महिन्यात मला शांततेनंच झोप लागायची नाही.

आणि बाटल्या टाकायच्या आधी पाहून घे. प्लास्टिकच्या बहुतेक एकदाच वापरायच्या बाटल्यांवर २५ सेंट ठेव असते, दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की परत मिळते. मी पहिल्या आठवड्यात दहा-बारा बाटल्या चेपून कचऱ्यात घातल्या. चेपलेली बाटली मशीन घेत नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते, जी कोणी मला सांगितली नव्हती.

आपल्या पंगतीत बुंदी वाढणारा येतो, तू ताटावर हात आडवा धरतेस, तरी तो बोटांच्या फटीतून दोन चमचे टाकूनच पुढं सरकतो. आपलं "नको" म्हणजे "अजून एकदा विचारा". तिथं "नको" म्हणजे नको. सप्टेंबरातल्या पहिल्या रविवारी दुपारी साडेतीनला टेबलावर प्लमचा केक आला, घरी केलेला, सोबत फेटलेली साय. मला विचारलं, घेशील? मी लाजून म्हटलं, नको. ठीक आहे, असं म्हणून तिथल्या आईनं माझी बशी उचलून कपाटात ठेवली. मी तिथंच बसून बाकीच्यांना केक खाताना पाहिलं. पोटात कावळे ओरडत होते, आणि वरून मी हसत होते.

त्यात दुसरी भर. आई मला रविवारी दिवेलागणीला फोन करायची, आपल्याकडचे सात. गावात नेट फक्त पाण्याच्या टाकीजवळ यायचं, म्हणून ती आणि बाबा चालत तिथवर जायचे. आपल्याकडचे सात म्हणजे तिथं उन्हाळी वेळेत दुपारचे साडेतीन. नेमकी केकची वेळ. आठवडाभर जो तो आपापल्या वाटेनं गेलेला असतो. सगळं घर एका टेबलाशी बसतं ते रविवारी त्याच तासाला. आणि मी मात्र वर खोलीत, फोनवर, कपाशीला बोंडं किती लागली ते विचारत. सहा-सात रविवार असे गेले. कोणी म्हटलं नाही, खाली ये. ऑक्टोबरात एके दिवशी भांडी पुसताना तिथल्या आईनं अगदी साधेपणानं विचारलं, "तुला आमच्यासोबत बसायला आवडत नाही का?" मला इतकी लाज वाटली की उत्तरही चुकीच्या व्याकरणात आलं.

त्याच आठवड्यात मी फोनची वेळ बदलली. तिथले सकाळचे आठ म्हणजे आपले साडेअकरा, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागं गेली की साडेबारा. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढं. सकाळी आठला तिथलं घर झोपलेलं असतं, तुझा तास कोणाच्या मध्ये येत नाही. हे आईला जायच्या आधीच सांगून ठेव, नाहीतर तिला वाटेल पोरगी बदलली.

केकनंतर ते फिरायला जातात. कुठं? कुठंच नाही. पाऊस असो, भुरभूर असो, रेनकोट घालून शेतातल्या रस्त्यानं तासभर चालायचं आणि परत यायचं. आपल्या गावात रविवारी दुपारी कोणी असं रिकाम्या हातानं बांधानं चाललं तर चार जण थांबवून विचारतील, काय झालं बावा, घरी भांडण झालं काय? पण जा. टेबलाशी जर्मन बोलताना सगळे तुझ्या तोंडाकडं पाहतात. चालताना कोणी पाहत नाही, म्हणून वाक्यं सुटी होतात. माझं निम्मं जर्मन त्या चिखलाच्या रस्त्यावर झालं.

उरलेलं निम्मं हँडबॉलच्या हॉलमध्ये. तिथली बहीण खेळायची, सामने शनिवार-रविवारी, आणि आईबाप आळीपाळीनं कॉफी-वॅफलचा ठेला लावायचे. मला गल्ल्यावर बसवलं. इथं एक गंमत कळली. जर्मनमध्ये पंचवीस म्हणताना आधी पाच, मग वीस. आपलंही तसंच आहे की, पंच-वीस. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतून आलेली पोरं वर्षभर आकडे उलटे लिहायची, मला एका दिवसात जमलं. पण वेळ सांगताना उलटा फटका बसला. "हाल्ब फिअर", म्हणजे अर्धे चार, हे ऐकून मी साडेचारला वाढदिवसाला पोचले. त्याचा अर्थ साडेतीन. मेणबत्त्या विझून गेल्या होत्या.

बाबांच्या बिअरबद्दल. खरं आहे, कायद्यानं तिथं १६ पूर्ण झाले की बिअर आणि वाइन चालते, व्हिस्की-व्होडका १८ नंतर. शनिवारी रात्री पोट्टे जमतात, पितात. पण एक्स्चेंजचे, म्हणजे आपल्याला वर्षभरासाठी तिथं पाठवणाऱ्या योजनेचे, नियम बहुतेक कायद्याहून कडक असतात. रोटरी क्लबच्या एक्स्चेंजचे चार 'डी' तर प्रसिद्धच आहेत: ड्रायव्हिंग, ड्रिंकिंग, डेटिंग, ड्रग्ज, चारही बंद. मोडले तर घरी पाठवतात. आणि ज्या सवयीनं मला केक मिळाला नाही, तीच इथं कामाला येते. "मी घेत नाही, सफरचंदाचा रस चालेल" एवढं म्हणायचं. कोणी "एक घोट घे ना, आमची शपथ" करत नाही. आपल्याकडच्या लग्नाच्या वरातीत मला यापेक्षा जास्त भीती वाटली आहे. बाबांना हे असंच वाचून दाखव.

फेब्रुवारीत माझं घर बदललं. दुसरं घर वाईट नव्हतं, पण शनिवारी जो तो आपल्या खोलीत, आपापल्या पडद्यासमोर. तिथं दाताळा उचलायलाही अंगण नव्हतं. दोन आठवडे मी रडले, तेही रविवारी, आवाज न करता. मग शाळेतल्या एकीला सरळ विचारलं, "शनिवारी काय करतेस? मी येऊ का?" आपल्याला असं विचारणं म्हणजे गळ्यात पडणं वाटतं. ती म्हणाली, ये. ती विचारत नव्हती, कारण तिला वाटायचं माझा काही बेत असेल. तिच्यासोबत मी सायकलनं म्युन्स्टरचा शनिवारचा बाजार पाहिला, कॅथेड्रलसमोरच्या चौकात, बुधवारी आणि शनिवारी भरतो. गलका नाही, घासाघीस नाही, लोक रांगेत उभे राहून वांगी घेतात. जवळच लाम्बेर्टी चर्चच्या मनोऱ्यावर लोखंडाचे तीन पिंजरे टांगलेले आहेत. १५३६ मध्ये बंडखोर पंथाच्या तीन पुढाऱ्यांना मारून त्यांची प्रेतं त्यात ठेवली होती. पिंजऱ्यांखाली लोक आइस्क्रीम खातात.

ईस्टरच्या रविवारी त्याच मैत्रिणीच्या शेतावर होळी होती. त्यांचा शब्द वेगळा, पण रचलेल्या फांद्या, गावभरचे लोक, तोंडावर झळ, सगळं तेच. पेटवायच्या आधी मात्र अख्खा ढीग उपसून दुसरीकडं रचायचा, कारण फांद्यांत काटेरी साळूसारखा एक छोटा प्राणी, नाहीतर एखादा पक्षी, आसरा घेऊन बसलेला असतो. दोन तास आम्ही फांद्या ओढल्या. एक बेडूक निघाला. त्याला बादलीतून ओढ्यावर सोडून आलो, मग काडी लावली. त्या दिवशी मी बोंब मारली. आधी सगळे दचकले, मग पोट्ट्यांनी मला पुन्हा पुन्हा मारायला लावली.

बारीकसारीक राहिलं ते सांगते. रविवारी खेड्यात बस जवळपास नसते, काही ठिकाणी आधी फोन करून बोलवावी लागते, म्हणून सायकल येत नसेल तर आत्ताच शीक. दूर जायचं तर सगळ्या लोकल गाड्यांना चालणारा महिन्याचा पास सध्या ६३ युरोंना आहे, पण शाळेकडून स्वस्त मिळतो का ते आधी विचार. घरी माळ असेल तर फॉर्मवर शाकाहारी असं स्पष्ट लिही, आणि रंगीत चघळायच्या गोळ्यांपासून सावध राहा, त्यातलं जिलेटिन बहुतेक डुकराचं असतं. तूप, पेढे, खवा नेऊ नकोस. युरोपात दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. संत्रीही नेता येत नाहीत. तिखट, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी ने. जवसाची चटणी नेऊ नकोस, जागा वाया जाईल: तिथल्या प्रत्येक दुकानात जवस मिळतो, लाइनझामेन म्हणून. ते बिचारे दह्यात कच्चा टाकून खातात. तू एका शनिवारी तो भाजून, लसूण-तिखट घालून कूट कर आणि टेबलावर ठेव. आग्रह करू नकोस.

वाकळ आण. दोन किलो जातील, जाऊ दे. मी माझी नेली होती, नऊवारीच्या तुकड्यांची. परत आणता आली नाही, कारण पहिल्या घरच्या कुत्र्यानं हिवाळाभर तिच्यावर झोपून ती आपली करून घेतली होती, आणि निघायच्या दिवशीही तो उठला नाही.