मराठीच्या जागी बॅकस्लॅश आणि आकडे दिसतायत, ते सुरक्षितपणे परत मराठी कसे करायचे?

(कोडमधली इंग्रजी अक्षरं इथे आपण उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापतोय. म्हणजे \यू092ई असं दिसलं की कीबोर्डवर बॅकस्लॅश, यू, शून्य, नऊ, दोन, ई असं समजायचं.)

प्रश्न: ताई, आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची यादी जुन्या वेबसाईटवरून नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं काम माझ्याकडे आलंय. दोन फाईली आहेत. पहिली जुन्या साईटवरून काढलेली, तिच्यात एकही मराठी अक्षर नाही, सगळं \यू092ई\यू0930 असंच. मामेभावाने पायथन या प्रोग्रामिंग भाषेत इव्हॅल (दिलेला मजकूर कोड समजून चालवणारं फंक्शन) लावून दिलं, वर ट्रू, फॉल्स, नल अशी तीन व्हेरिएबल पण करून ठेवली, आणि मराठी दिसायला लागलं, फक्त तारखा 12\/06\/1998 अशाच राहिल्या. दुसरी फाईल त्याच्याच एका जुन्या स्क्रिप्टने प्रिंट केलेली, तिच्यात मराठी नीट दिसतं पण मधेच एखाद्या शब्दात \यू200डी घुसलेलं असतं. तिला मी नेटवर मिळालेलं युनिकोड एस्केपवालं डिकोड लावलं तर होती ती मराठी पण गेली, सगळीकडे विचित्र चिन्हं. काय चुकतंय? आणि इव्हॅल वापरू नका असं सगळे म्हणतात पण चालतंय तर का नाही वापरायचं?
— वाचनालयाचे एक कार्यकर्ते, सांगली जिल्हा

उत्तर: तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की फाईल न बघताही बरंचसं कळतंय, त्याबद्दल आधी आभार.

तुमच्या दोन फाईली दोन वेगळ्या नियमांनी बांधलेल्या आहेत आणि तुम्ही दोघं त्या तिसऱ्याच नियमाने सोडवताय. एस्केप, म्हणजे अक्षराऐवजी बॅकस्लॅश आणि त्याचा क्रमांक किंवा खूण लिहिणं, हे गाठोडंच असतं. ज्याने बांधलं त्याने कुठली गाठ मारली हे बघायचं आणि तीच गाठ सोडायची.

पहिली फाईल घ्या. 12\/06\/1998 मधला बॅकस्लॅश हा मोठा पुरावा आहे. जेसन म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांना माहिती द्यायचा मजकुराचा ठरलेला साचा. पीएचपी या वेबसाईटच्या भाषेतलं जेसन एन्कोड फंक्शन, वेगळं सांगितलं नाही तर, प्रत्येक तिरक्या रेघेआधी बॅकस्लॅश लावतं आणि इंग्रजी सोडून प्रत्येक अक्षर \यू करून टाकतं. ट्रू, फॉल्स, नल हे शब्द पण जेसनचेच. म्हणजे ही फाईल जेसन आहे, पायथन नाहीच. जेसनमध्ये \/ चा अर्थ साधी तिरकी रेघ असा ठरलेला आहे, पायथनला तो एस्केप माहीतच नाही म्हणून तो बॅकस्लॅश तसाच ठेवतो, म्हणून तुमच्या तारखा अडल्या. मामेभावाने ती तीन व्हेरिएबल केली तिथेच खरं तर थांबायला हवं होतं, कारण फाईल ओरडून सांगत होती की मी पायथन नाही. फाईल एन्कोडिंग (अक्षरांचे बाईट करायची पद्धत) यूटीएफ-8 देऊन उघडा आणि जेसन मॉड्यूलचं लोड लावा, एका ओळीचं काम आहे. तारखा सुटतील, मराठी येईल, ट्रू-फॉल्स-नल आपोआप पायथनचे होतील, मधे एकही रिप्लेस नको.

दुसरी फाईल मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते कारण तिच्यात आपल्या भाषेचा प्रश्न आहे. पायथन 3 मध्ये डिक्शनरी किंवा लिस्ट थेट प्रिंट केली की आतली स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) 'रेप्र' या रूपात छापली जाते, म्हणजे कोडमध्ये जशी लिहिली असती तशी. देवनागरी अक्षरं छापण्याजोगी म्हणून ती तशीच येतात, पण जे अक्षर डोळ्याला दिसतच नाही ते एस्केप होऊन येतं. 200डी हा असाच न दिसणारा जोडक आहे, झीरो विड्थ जॉइनर. आपला 'ऱ्या' टाईप करायच्या दोन पद्धती आहेत, एकीत ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, त्याचा क्रमांक 0931, आणि दुसरीत साधा र, मग हलन्त, मग हा जोडक, मग या. तुमच्या जुन्या यादीत दुसऱ्या पद्धतीने टाईप झालंय, म्हणून 'दुसऱ्या', 'चौथऱ्या', 'दऱ्या' अशा शब्दांतच तो \यू200डी दिसत असणार, तपासून बघा.

तो कचरा समजून फाईंड-रिप्लेसने उडवू नका, हात जोडून सांगते. जोडक काढला की र्‌ चा रफार होतो, 'दऱ्या' चं 'दर्या' होतं. डोंगरातल्या दऱ्या जाऊन समुद्र येतो. आचाऱ्याचा आचार्य होतो. यादीत पंधरा हजार पुस्तकं असतील तर हे कुणाच्या लक्षातही येणार नाही आणि पुढची वीस वर्षं तेच चुकीचं नाव शोधलं जाईल.

तुम्ही लावलेल्या युनिकोड एस्केप डिकोडने काय केलं ते पण सांगते. स्ट्रिंग आधी बाईटमध्ये नेली, तिथे यूटीएफ-8 मध्ये 'म' चे तीन बाईट झाले, ई0, ए4, एई. मग हे डिकोड समजतं की एस्केप सोडून उरलेला प्रत्येक बाईट म्हणजे लॅटिन-1 (युरोपीय अक्षरांची जुनी पद्धत, एका बाईटचं एक अक्षर) मधलं एक अक्षर. त्यामुळे 'म' च्या जागी तीन चिन्हं आली, डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, मग चलनाचं ते गोल चिन्ह, मग वर्तुळातला आर. तुम्हाला हीच दिसली ना? पूर्ण इंग्रजी मजकुरावर ही युक्ती चालते, म्हणून नेटवर तिची उत्तरं पडलेली असतात, ज्यांनी लिहिली त्यांच्यासमोर मराठी फाईल नव्हती इतकंच.

या फाईलसाठी एएसटी मॉड्यूलमधलं लिटरल इव्हॅल वापरा, पायथन 2.6 पासून आहे, ओळ ओळ घेऊन. ते फक्त स्ट्रिंग, आकडे, लिस्ट, टपल, डिक्शनरी, सेट, ट्रू-फॉल्स, नन असल्याच गोष्टी वाचतं, फंक्शन बोलावायला गेलं की एरर देतं. डिक्शनरीत कुठे डेटटाईम वगैरे प्रिंट झालं असेल तर ती ओळ ते नाकारेल. तेव्हा चिडून परत इव्हॅलकडे जाऊ नका, मूळ स्क्रिप्ट असेल तर तीच बदलून जेसनमध्ये लिहायला लावा. आणि ओळीच्या लांबीवर मर्यादा ठेवा, कारण मुद्दाम खूप कंसात कंस घालून दिला तर लिटरल इव्हॅलसुद्धा मेमरी खाऊन पायथन बंद पाडू शकतं, हा इशारा त्याच्या अधिकृत माहितीतच दिलेला आहे.

आता इव्हॅल. चालतंय तर का नाही, हा प्रश्न प्रामाणिक आहे. इव्हॅल मजकूर वाचत नाही, चालवतं. अशा जुन्या साईटवर बहुतेक वेळा 'पुस्तक सुचवा' किंवा 'अभिप्राय' असा एखादा फॉर्म असतो, तुमच्याकडेही असेल तर त्यात कुणीही काहीही टाईप केलेलं असू शकतं आणि तोच मजकूर या फाईलमध्ये आलाय. जेसनवाल्याने अवतरणचिन्हाआधी बॅकस्लॅश नीट लावला असेल तोवर ठीक. पण लोक काय करतात, एक्सेलमधून एखादा रकाना कॉपी करतात, दोन्ही बाजूंना स्वतः " चिकटवतात आणि इव्हॅलला देतात. त्या मजकुरात आधीच एक " असलं की स्ट्रिंग तिथेच संपते आणि पुढचं सगळं कोड होतं, मग त्यात ऑपरेटिंग सिस्टीमला फाईली पुसायचा हुकूमही असू शकतो. हीच चूक जेसनच्या लोड्सबरोबर (लोड फाईल वाचतं, लोड्स स्ट्रिंग) केली तर काय होतं? एरर येतो, अमुक जागी जास्तीचा मजकूर आहे म्हणून. चूक तुमची तीच, पण एकीकडे लाल ओळ दिसते आणि दुसरीकडे संगणक परक्याच्या हातात जातो.

काहीजण इव्हॅलला रिकामे बिल्टइन्स (पायथनची तयार फंक्शनं) देतात आणि सुरक्षित झालं म्हणतात. नाही होत. एका साध्या रिकाम्या स्ट्रिंगपासून तिच्या क्लासवर, तिथून मूळ ऑब्जेक्टवर आणि तिथून मेमरीतल्या सगळ्या क्लासपर्यंत चढत जाता येतं. जावास्क्रिप्टवाले पण सुरुवातीला जेसन इव्हॅलनेच उघडायचे, मग 2009 च्या ईसीएमएस्क्रिप्ट 5 मध्ये जेसन पार्स भाषेतच आलं तेव्हा त्यातून सुटका झाली. त्यांनी खाल्लेल्या ठेचा आपण परत खायची गरज नाही.

अजून एक, आणि हे कळकळीने सांगतेय. स्वतः तीन-चार रिप्लेस लावून एस्केप सोडवायचा मोह होतो. मी एका पतसंस्थेचा डेटा हलवत होते तेव्हा आमच्या आधीच्या माणसाने तसंच केलेलं. कागदपत्रांचे पत्ते होते, डी:\ठराव\नोटीस अशा फोल्डरचे, नावं इंग्रजी अक्षरांत, त्यामुळे ठराव टी ने सुरू आणि नोटीस एन ने. एस्केप होऊन फाईलमध्ये ते डी:\\ठराव\\नोटीस असे दोन-दोन बॅकस्लॅश लावून आले. त्याने आधी \टी शोधून टॅब केला, \एन शोधून नवी ओळ केली, मग \\ चा एक \ केला. पहिल्याच रिप्लेसला दुसरा बॅकस्लॅश आणि ठरावचा टी एकत्र सापडले, झाला टॅब, आणि पुढे नोटीसच्या जागी ओळ तुटली. क्रम उलटा लावला असता तरी तेच, आधी \\ चा \ झाला की उरलेला \टी पुढच्या रिप्लेसला सापडतोच. कुठलाच क्रम बरोबर नाही. त्या पत्त्यांवरची कागदपत्रं आम्ही दोन आठवडे हाताने जुळवत बसलो, आणि सभासद रोज काउंटरला येऊन माझं कर्जाचं पत्र कुठंय विचारत होते.

म्हणून लिहायचंच झालं तर डावीकडून उजवीकडे एकदाच चालायचं. बॅकस्लॅश भेटला की पुढचं अक्षर बघायचं, यू असेल तर पुढची बरोबर चार हेक्स अक्षरं (0 ते 9 आणि ए ते एफ) घ्यायची, एन, टी, \, " असेल तर ठरलेलं अक्षर टाकायचं, आणि तो तुकडा संपला, परत मागे वळून बघायचं नाही. ओळखीचं नसलेलं अक्षर आलं किंवा मजकूर बॅकस्लॅशवरच संपला तर अंदाज न लावता एरर द्यायचा. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या सबला फंक्शन देऊन हे आठ-दहा ओळीत होतं, पण तुमच्या दोन्ही फाईलींना याची गरज नाही.

आणि नव्या साईटवर टाकायच्या आधी अभिप्रायातला एचटीएमएल टॅग तपासणार असाल तर एस्केप सोडवल्यानंतर तपासा. आधी तपासलं तर \यू003सी तुम्हाला निरुपद्रवी आकडा दिसेल आणि सोडवल्यावर ते टॅग उघडणारं कोनी चिन्ह होऊन बसेल. पानावर छापताना एचटीएमएलचं एस्केप परत लावायचं ते वेगळंच.

प्रश्न: माझ्या फाईलला जेसन लोड्स एकदा लावलं तरी \यू उरतातच, दुसऱ्यांदा लावलं की जातात. मग बॅकस्लॅश उरेपर्यंत लूप फिरवत ठेवू का?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर: लूप नको. तुमच्याकडे कुणीतरी आधीच जेसन झालेली स्ट्रिंग परत एकदा जेसन केलीय, बहुधा डेटाबेसच्या रकान्यात जेसन होतं आणि एक्स्पोर्ट करताना त्याला पुन्हा डम्प्स (जेसन बनवणारं फंक्शन) लागलं. पहिल्या लोड्सनंतर टाईप बघा, डिक्शनरीच्या जागी स्ट्रिंग आली असेल तर हेच कारण. दोनदा बांधलं तर दोनदाच सोडा, मोजून, आणि जमलं तर जिथे दोनदा बांधलं जातंय ती जागा दुरुस्त करा. लूप फिरवलात तर ज्या माणसाने खरोखर बॅकस्लॅश लिहिला होता, समजा कुणी कोडिंगच्या धड्यात \एन म्हणजे काय ते शिकवत होतं, त्याचा मजकूर तुम्ही मोडाल.

प्रश्न: लिटरल इव्हॅलने स्ट्रिंग नीट वाचली, प्रिंट करताना मात्र 'सरोगेट्स नॉट अलाउड' असा एरर येतो. मजकुरात इमोजी आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर: तुमची फाईल पण जेसनच असणार. जेसनमध्ये \यू नंतर चारच हेक्स अक्षरं बसतात आणि इमोजीचा क्रमांक त्याहून मोठा, म्हणून हसरा चेहरा, क्रमांक 1एफ600, हा \यूडी83डी\यूडीई00 असा जोडीने लिहितात. जेसनचं लोड्स ती जोडी एकत्र करून एक इमोजी देतं. पायथनचा स्वतःचा नियम तसं करत नाही, दोन अर्धे तुकडे (यांनाच सरोगेट म्हणतात) तसेच ठेवतो आणि यूटीएफ-8 मध्ये लिहायला गेलं की ते नाकारले जातात. लोड्स वापरा, जाईल. तरीही आला तर मूळ मजकूरच जोडीच्या मधोमध कापला गेलाय, जुन्या डेटाबेसात अमुक अक्षरांची मर्यादा असली की असं होतं, तेव्हा तो रेकॉर्ड वेगळा काढून माणसाने बघायचा.

तिघांनाही आता पुढची फाईल लिहिताना काय करायचं ते सांगते. पायथनमध्ये डम्प करताना एन्शुअर आस्की फॉल्स द्या, पीएचपीमध्ये जेसन अनएस्केप्ड युनिकोड हा पर्याय द्या, तो 5.4 पासून आहे, आणि फाईल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-8 स्वतः लिहा, विंडोजवर ते गृहीत धरू नका. 'मराठी' हा पाच चिन्हांचा शब्द एस्केप केला की तीस अक्षरं होतो, तोच यूटीएफ-8 मध्ये पंधरा बाईटचा असतो, आणि मुख्य म्हणजे फाईल उघडणाऱ्या ग्रंथपालांना पुस्तकाचं नाव वाचता येतं.